बिनभिंतीचा टाऊन हॉल

खडकवेसच्या या टाऊन हॉलचा वरचा मजला पाहून घ्या. सागवानी जिना, कोरीव कठडा, रंगीत काचांच्या खिडक्या. आणि खाली? चारी बाजूंनी नुसत्या कमानी, भिंत औषधालाही नाही. उन्हाळ्यात वारा खेळावा म्हणून असे बांधले, असे त्या फलकावर लिहिले आहे. त्यावर विश्वास ठेवू नका. फलक लिहिणारा बाहेरगावचा होता.

इंग्रजी अमलात इमारत उभी राहिली तेव्हा खाली चांगल्या जाड दगडी भिंती होत्या, असे सांगतात. काम हणमा पाथरवटाकडे होते. पावसाळा तोंडावर आला आणि वेशीकडची भिंत अर्धीच राहिलेली. तेव्हा हणमा भर बाजारात नगराध्यक्षांना म्हणाला, "सायेब, भिंत माणूस मागतीया." त्याच्या धंद्यात याचा अर्थ एवढाच, की हात कमी पडताहेत, मजूर वाढवा. पण ऐकणारे खडकवेसचे! मोठे बांधकाम बळी घेतल्याशिवाय उभे राहत नाही, हे इथे सगळ्यांना पक्के ठाऊक. आणि कावळा बसायला नि फांदी मोडायला गाठ पडली. त्याच आठवड्यात गुंडू तांबट घरातून नाहीसा झाला.

भिंत पुरी झाली, पण तिच्या सावलीत कोणी बसेना. गुंडूची आई दगडाला कान लावून बसू लागली. तिला आतून ठोके ऐकू येत म्हणे. हणमाची लेक ठकू हिची सोयरीक शेजारच्या गावी ठरली होती. तिकडून निरोप आला, "माणूस चिणणाऱ्याची ल्येक आमाला नगं."

हणमाने मग ग्रामदेवतेपुढे शपथ घेतली, की लेकीवरचा डाग पुसल्याशिवाय थापी खाली ठेवणार नाही. गावादेखत त्याने वेशीकडची भिंत उघडली. आत दगड आणि चुना. गाव म्हणाले, मग देवळाकडच्या भिंतीत असेल. तीही उघडली. मग बाजाराकडची, मग नदीकडची. भिंत काढावी आणि वरचा मजला तोलायला तिथे कमान घालावी, असे चालले. संशय पुढे आणि हणमा मागे. भिंती संपल्या तेव्हा कोणीतरी खांबाकडे बोट दाखवले. हणमा म्हणाला, "खांबबी फोडतो. पर आदी समदी हितं, ह्येच्या खाली हुबी ऱ्हावा." एकही जण पुढे आला नाही. खांब वाचले ते असे, गावाचा विश्वास बसला म्हणून नव्हे.

सोयरीक मात्र मोडली ती मोडलीच. हणमा त्या दुःखातच गेला.

पुढे काही वर्षांनी गुंडू तांबट सोलापूरच्या गिरणीतून परत आला, अंगाने चांगला सुटलेला. भावाशी भांडून निघून गेला होता, बाकी काही नाही. तरी "नाक त्येचंच हाय, पर चाल येगळी दिसतीया," म्हणणारे निघालेच. ठकूचे ठरलेले सासरे नारळ घेऊन तिच्या दारात आले. तिने त्यांना उंबऱ्याबाहेरच उभे केले.

"आमच्या घराला भित्ती हायत, मामा," ती म्हणाली. "फोडून बघा, आन मग आत या."

नारळ तसाच परत गेला. ठकूने जन्मात लग्न केले नाही. मला तिच्या सासऱ्यांपेक्षा या गावाचाच जास्त राग येतो, आणि मी याच गावचा आहे.

आजही खडकवेसमध्ये लग्नाची बोलणी कोणाच्या घरात होत नाहीत. दोन्हीकडची माणसे या कमानींखाली उघड्यावर बसतात. पहिला विडा ठकूच्या नावाने ठेवतात आणि हात जोडून म्हणतात, "आई, तुझ्या बापावर आमचा संशय न्हाई." मग उठता उठता प्रत्येक जण हळूच खांबावर बोट वाजवून पाहतो, भरीव आहे ना.