किल्लेदारांचा हुकूम

भैरवकड्याचे किल्लेदार रायाजी नाईक फार कडक. पहारेकऱ्याला दारू पाजणाऱ्याची दारू कायमची बंद, शिवाय वर्षभर रोज तटावरून पायी फेरी, हा त्यांचाच हुकूम होता. स्वतः मात्र रोज प्यायचे. चार पायऱ्या चढले की छाती धडधडायची. दारू सोडा म्हणणाऱ्या वैद्याला त्यांनी गडाखाली घालवलं होतं.

एके सकाळी त्यांची बायको तुळजाऊ सदरेवर आली.

"फिर्याद आहे. गडावरच्या एका पहारेकऱ्याला रोज दारू पाजतात."

"कोण पाजतो? त्याला सोडणार नाही," नाईक गरजले.

"पन्नास वर्षं बिचारा डोळा न मिटता पहारा देतोय. आता पार थकलाय."

"अगं, पण पहारेकरी कोण?"

"तुमचं काळीज. आणि पाजणारे तुम्ही."

स्वतःचा हुकूम नाईकांना मोडवेना. त्यांनी दारूची सुरई तिथेच ओतून रिकामी केली आणि जोडे मागवले.

वर्ष सरलं. नाईक बालेकिल्ल्याच्या पायऱ्या न थांबता चढले. धापा टाकत मागून आलेली तुळजाऊ म्हणाली, "आज फेरीची शिक्षा संपली."

तिला हात देत नाईक म्हणाले, "पाजणाऱ्याची संपली. पहारेकरी म्हणतो, उद्याही जाऊ."