गोमाचा उंबरठा

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची, आणि गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या कांदळबेटावर तेव्हा कोळ्यांची वस्ती होती आणि दर हंगामाला चाचे येत. सुकी मासळी नेत, माणसंही नेत. वस्तीतल्या गोमाचा नवरा आणि थोरला मुलगा असेच गेले. ती रडत बसली नाही. खाडी ओलांडून थेट राजाच्या दारात जाऊन बसली, आम्हाला तट द्या म्हणाली. राजाला दया आली म्हणे. त्याने सनद दिली, गवंडी दिले, चुना आणि धान्य दिलं. दगड तेवढा बेटाने द्यायचा होता.

आता गंमत बघा. बेट सगळं रेतीचं. दगड होता तो घराघरांच्या उंबरठ्यांत, पूर्वजांनी होड्यांतून आणलेला. लोक का कू करू लागले, तेव्हा गोमाने पहार घेतली आणि पहिला आपलाच उंबरठा उपटला. मग कोण मागे राहणार? उंबरठे गेले, दळायची जाती गेली, पाटेही गेले. एवढ्याने तट होतो का? पण दिवसभर दगड वापरले तरी रोज सकाळी ढीग होता तेवढाच असायचा, असं म्हणतात.

तट उभा राहिला आणि राजाचा किल्लेदार आला. त्याने आत राजाचं कोठार केलं. वस्तीला म्हणाला, तुम्ही बाहेरच बरे, संकट आलं की दार उघडू. आमची भोळी माणसं हो म्हणाली.

पुढच्याच हंगामात चाचे आले. अख्खी वस्ती पोरंबाळं काखोटीला मारून दाराशी धावली. दार बंद.

किल्लेदार वरून म्हणाला, "दार उघडलं आणि तुमच्यामागून चाचे घुसले, तर राजाला काय सांगू?"

"हा तट माझ्या उंबरठ्यावर उभा आहे," गोमा म्हणाली. त्याने तोंड फिरवलं.

मग ती तटाला हात लावत चालू लागली. इतक्या दगडांत तिने आपला उंबरठा ओळखला, त्याला कपाळ टेकलं आणि म्हणाली, "घरच्या माणसांना घरात घे." दगड सरकला, असं म्हणतात. वाकून जाण्याएवढी वाट झाली. वरचा भार गोमाने खांद्यावर पेलला आणि एकेकाला आत सोडलं. शेवटचं पोर आत गेलं तेव्हा चाचे अगदी तिच्या मागे येऊन ठेपले होते. तीही आत गेली असती, तर वाट उघडीच राहिली असती. तिने तिथेच खांदा काढून घेतला.

बेट राखलं म्हणून राजाने किल्लेदाराला सोन्याचं कडं दिलं. ऐकून संताप येतो ना? मला अजून येतो.

चाचे गेल्यावर लोकांनी ढिगारा उपसला. खाली गोमा नव्हती. किल्लेदाराने ती वाट बुजवायला गवंडी लावले, पण दिवसा बसवलेला दगड सकाळी खाली पडलेला असायचा, असं म्हणतात. पुढे राजा गेला, कोठार पडलं आणि वस्ती तटाच्या आत आली.

आजही कांदळबेटावर एकाही घराला उंबरठा नाही. लग्नाची वरात मोठ्या दरवाज्याकडे पाठ करून पुढे जाते आणि त्या भगदाडाशी थांबते. तांदळाचं माप तिथेच ठेवतात. आतून सासू विचारते, कोण आहे? नवरी नाव सांगत नाही.

"घरचंच माणूस," म्हणते, माप ओलांडते आणि वाकून आत येते.