खड्ग्यांच्या घरची जड पदके

एका राज्यात, जिथे घारी बोलत आणि माणसे त्यांचे ऐकतही, खड्गे नावाचे शिपायांचे घराणे होते. पणजा लढला, आजा लढला, बाप लढला. तिघांची तीन पदके एका पेटीत. राज्याचा रिवाज असा, की दसऱ्याला घराण्याची तीन पदके छातीवर लावून जो दरबारात येईल, त्यालाच महाद्वाराची किल्ली आणि पहारा. नाही आला, तर किल्ली दुसऱ्या घरी.

दरसाल भिवराआत्या ती पदके चिंचेने घाशी आणि घासता घासता पोरांना पराक्रम सांगे. आता पाहा, पितळेबरोबर पराक्रमही चकाकू लागला. पणजाच्या एका शत्रूचे शंभर झाले. बापाच्या लढाईत तर हत्ती आला.

एकदा ओसरीवर टेकलेल्या मांत्रिकाने विचारले, "बाई, त्या लढाईत माझे वडील विसोजीही होते. ते कुठे?"

"असतील मागे, भाकऱ्या थापत."

मांत्रिकाने तांब्या खाली ठेवला. "जितके खोटे, तितके वजन," म्हणाला आणि धूर होऊन गेला.

दसऱ्याच्या सकाळी आत्याचा भाचा रायाजी पदके लावायला गेला, तो एकही हलेना. पदक कसले, जात्याची तळी! महाद्वाराच्या पहाऱ्याखेरीज त्याने जन्मात दुसरे काही मागितले नव्हते.

मांत्रिकाचे शब्द आठवून तो बुरुजावरच्या म्हाताऱ्या घारीकडे धावला. तिन्ही लढाया तिने वरून पाहिल्या होत्या.

"पणजोबांनी काय केले?"

"झाडावर लपले. फांदी मोडली. शत्रूच्या सरदारावर पडले."

"आजोबांनी एकट्याने गड राखला ना?"

"माघारीचे शिंग वाजले तेव्हा झोपले होते. उठून पाहतात, तो गडावर कुणी नाही. मग दार लावून बसले. कुमक येईतो हलले नाहीत, हे मात्र खरे."

"आणि बाबा?"

"तुझे बाबा आणि विसोजी तट चढले. दार विसोजीने उघडले आणि तिथेच पडला. जो परत आला, त्याच्या छातीवर राजाने पदक लावले."

बाबा मरेपर्यंत म्हणत, "हे माझे नव्हे." घरच्यांना तो विनय वाटे, आणि आत्या आणखी एक हत्ती घाली.

"जिथे मिरवले, तिथेच हे सांग, म्हणजे वजन उतरेल," घार म्हणाली.

दहा जणांनी उचललेली पेटी बैलगाडीतून दरबारात आली. रायाजीने पहिले खरे सांगितले. दरबार हसला, पदक हलके झाले. दुसरे सांगितले, राजाने मिशीआड हसू लपवले. तिसऱ्याला आत्याने त्याची बाही ओढली.

"राया, हे दुसऱ्याचे ठरले आणि दोनच राहिली, तर किल्ली जाईल."

"जाऊ दे, आत्या."

त्याने विसोजीचे नाव घेतले. पदक पिसासारखे वर आले. गर्दीत मांत्रिक उभा होता. रायाजीने ते त्याच्या छातीवर लावले.

"रिवाज तीन पदकांचा," राजा म्हणाला. "तुझ्याकडे दोनच."

"होय, महाराज."

"पहाऱ्यावर झोप लागली, तर सकाळी मला सांगशील?"

"सांगेन."

"आजवर कुणी सांगितले नाही," राजा म्हणाला आणि किल्ली त्याच्याकडे फेकली.

महाद्वार उघडले, सीमोल्लंघन झाले, शाप सरला. आत्याने मांत्रिकाला जेवायला थांबवले. तोही थांबला, शाप दिला म्हणून कुणी पुरणपोळी सोडतो का?