नेफा न उसवता

तेलाची विहीर खोल उतरून आडवी वळली होती आणि तिच्या पार टोकाची झडप अडकली होती. "रिगचा मनोरा उभारा, सगळे पाइप उपसा," संचालक हुळ्याळकरांनी फर्मावलं. म्हणजे विहीर महिनोन्महिने बंद. इंजिनिअर वृंदाला ते पटेना.

"साहेब, रिग कशाला? तारेला झडप सोडवायचं अवजार बांधून आत सोडू."

हुळ्याळकर खो खो हसले. "बाई, उभ्या विहिरीत तार वजनाने उतरते. आडव्या विहिरीत ती काय हाताने ढकलणार?"

"साहेब, लेंग्याची नाडी निघाली तर तुम्ही नेफा उसवता?"

"छे. नाडीच्या टोकाला पिन लावतो, पिन सरकवत नेतो."

"आमच्या पिनेला चाकं आहेत. ती आपणहून सरकते आणि मागे तार ओढून नेते."

साहेबांचा हात नकळत कमरेशी गेला. "रिग राहू द्या," ते म्हणाले. "पिन मागवा."