उलट्या पाण्याचा कडा

पुढं जाऊ नका, दगड शेवाळलाय. मागच्या साली एका पाहुण्याची चप्पल खाली गेली, तर तो म्हणे, पाणी येतंय तशी चप्पलही येईल वर. आली नाही. या कड्यावरून कोकणात पडणारं पाणी अर्ध्यावरून माघारी वळतं आणि आपल्याच डोक्यावर येऊन पडतं हे खरं, पण ते फक्त पाण्यापुरतं. त्याला कारण आहे. इथं आडोशाला बसा, सांगते. फोटो काही पळून जात नाहीत तुमचे.

फार मागं, असं सांगतात, वारा हा दर्याचा धाकटा लेक होता. शेंडेफळ, लाडावलेला. त्याला वर्षाकाठी एकच काम, पावसाळ्यात ढग ओढून घाटावर आणायचे. ते उरकलं की तो बापाच्या घरी जाऊन झोपायचा, तो थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत. देवाची झोप ती, मोडायची कुणाची छाती होती?

आणि आपल्या या पठारावर हौसा नावाची बाई होती. तेव्हाही पठार असंच, पावसाळ्यात गुडघाभर चिखल आणि होळीनंतर ठणठणीत. गावाला एक तळं, पण ते गुराढोरांना आणि धुण्याभांड्याला. प्यायचं पाणी कड्याखालच्या झऱ्यावरून आणायचं. ती कातळातली फट दिसते ना, तिला आम्ही नाळ म्हणतो. त्या नाळेतनं उतरायचं आणि डोक्यावर हंडा घेऊन चढायचं. हौसा लग्न होऊन आली तेव्हापासून चढत होती. मान आखडलेली, गुडघे गेलेले. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात. हिच्या कपाळी दोन्ही होतं.

एकदा पाऊस सरता सरता ती नाळ चढत होती, तर वाटेत वारा आडवा पडलेला. ढग ओढून त्याचे खांदे सोलवटले होते आणि घशाला कोरड पडली होती. त्यानं पाणी मागितलं. दर्याच्या पोराला पाण्याची काय वाण, पण खारं पाणी कोण पितं? हौसा निम्मी वाट चढून आली होती. हंडा द्यायचा म्हणजे पुन्हा खाली उतरायचं. तिला रागच आला मनातून. तरी तिनं हंडा उतरवला, कारण दमलेल्याचं तोंड तिला ओळखू येत होतं.

वाऱ्यानं हंडा रिकामा केला आणि म्हणाला, "बाई, काय हवं ते माग."

दुसरी कुणी असती तर सोनंनाणं मागती. हौसा म्हणाली, "पाणी आपलं आपण वर येऊ दे. मला आता चढवत नाही, बाबा."

"आणीन," वारा म्हणाला, "माझ्या बापाची शपथ." दर्याची शपथ देवांनाही मोडता येत नाही म्हणे. पण कधी आणीन ते त्यानं सांगितलं नाही, आणि हिनं विचारलं नाही. आता पाठ टेकायला मिळणार, एवढंच तिच्या डोक्यात भरलं होतं. तो खाली उतरला आणि बापाच्या घरी जाऊन झोपला.

हौसानं गावात येऊन सांगितलं आणि तिथंच घोळ झाला. दर माघात सगळं गाव तळ्याचा गाळ उपसून बुडाचे पाझर मोकळे करायचं. कंबर मोडणारं काम. त्या साली कुणी फावड्याला हात लावला नाही. वारा पाणी आणणार असेल तर चिखलात उतरायचं कुणी? हौसा म्हणाली, गाळ तरी काढा. तर लोक तिलाच म्हणाले, तुझाच तुझ्या देवावर विश्वास नाही होय?

चैत्रात तळ्याच्या बुडाला भेगा पडल्या. गुरं दावणीला हंबरायची. झाडाचं पान हलत नव्हतं. मग तेच लोक हौसाच्या दारात आले, म्हणाले, बोलव आता तुझ्या वाऱ्याला. ती या कड्यावर येऊन हाका मारायची. कुणी ओ दिली नाही.

पाणी येईल हा शब्द तिच्या तोंडचा होता, तो तिला लागला. तिनं पुन्हा हंडा उचलला. आधी आपल्या घरापुरता, मग शेजारच्या म्हातारीला, मग ज्याचं जनावर मरायला टेकलं त्याला. बाकीच्या बायाही उतरायच्या, पण दिवस मावळताना नाळेत एकटी हौसाच असायची. बस आता, असं तिला कुणी म्हटलं नाही. आमचंच गाव हे, सांगताना वाईट वाटतं. वैशाख सरेपर्यंत ती कुणाशी बोलेनाशी झाली.

आणि आषाढात वारा आला. धो धो पाऊस, तळं तुडुंब, दारादारांत पाणी. तेव्हा त्याला शपथ आठवली. कड्यावरून पडणारं पाणी त्यानं छातीवर झेललं आणि वर फेकलं. वरातीमागून घोडं, दुसरं काय. सगळं गाव बघायला धावलं. हौसा इथंच कुठंतरी भिजत बसली होती.

"हौसाबाई, आणलं बघ पाणी," वारा म्हणाला.

तिनं वर बघितलं. रागवायलासुद्धा अंगात जोर लागतो. "आता कशाला रे," एवढंच म्हणाली आणि मागच्या दगडाला टेकली. ती काही उठली नाही.

वाऱ्याला ते कळलंच नाही. देव तो, त्याला मरण कुठलं ठाऊक? दमली आहे, उठेल, असं त्याला वाटलं. गाव घाबरलं. खरं सांगितलं आणि दुःखानं त्यानं ढग आणायचेच सोडले तर? म्हणून कुणी तोंड उघडलं नाही.

आजही तो आषाढात पाणी वर फेकतो आणि मध्येच थांबतो. मग पाणी सरळ खाली पडतं, बघा, आत्ता पडतंय तसं. हौसानं घेतलं का ते बघायला तो थांबतो म्हणे. उत्तर आलं नाही की पुन्हा फेकतो. म्हणून पाणी उलटं फिरलं की हौसाच्या जागी घरची थोरली बाई कड्यावर येते, रिकामा हंडा पुढं धरते आणि म्हणते, "पोचलं रे बाबा, पोचलं." ओंजळभरही साठत नाही हंड्यात. तरी म्हणायचं आणि घरी जायचं.

चैत्रात त्याच बाया तोच हंडा घेऊन नाळ उतरतात. तेव्हा इथं तुम्ही नसता. वाराही नसतो.