मधला चार्जर

एकदा एक शिष्य भर दुपारी आपल्या वृद्ध गुरुजींकडे आला आणि ओसरीवर बसला.

हा शिष्य साताऱ्यात नावाजलेला अभियंता होता. त्याच्या आईची एकुलती एक बहीण बिदरला अंथरुणाला खिळली होती, आणि तिला एकदा डोळे भरून पाहावे एवढीच आईची इच्छा होती. शिष्याने नुकतीच विजेवर चालणारी मोटार घेतली होती. आईला आपल्याच गाडीतून, जराही त्रास न होऊ देता न्यायचे, असे त्याने ठरवले. मग बेत सुरू झाला. कुठे थांबायचे, कुठे चार्जिंग करायचे, तेवढ्या वेळात आईने कुठे जेवायचे, सारे त्याने आखले. फक्त सोलापूरच्या पुढचा एक चार्जर, ज्याच्याशिवाय गाडी बिदरला पोचली नसती, कधी चालू असे, कधी बंद. रोज सकाळी तो मोबाइलवर पाही आणि म्हणे, "आई, मधला चार्जर नीट सुरू झाला की निघू." इतकी चौकशी तर लोक मुलीचे स्थळ पाहतानाही करत नाहीत. आई नुसती मान डोलावी.

अखेर चार्जर सुरू झाला, पण त्याआधीच मावशी गेली.

"गुरुजी," शिष्य म्हणाला, "आई रडत नाही, बोलत नाही. माझं काय चुकलं? तिला घेऊन वाटेत अडकलो असतो तर?"

"गाडीत चार्ज किती आहे?" गुरुजींनी विचारले.

"थोडाच. घरी जाऊन लावणार होतो."

"पुरे आहे. मला जरा फिरवून आण."

गुरुजी सांगतील तिकडे गाडी वळत राहिली. शहर मागे पडले. गाडीच्या पडद्यावरचा चार्जचा आकडा तांबडा झाला, तसा शिष्य कासावीस झाला. "गुरुजी, आता परत फिरलो तरी घर गाठता येणार नाही!" तेव्हा एका लहान गावात पिठाच्या गिरणीपुढे गुरुजींनी गाडी थांबवायला लावली आणि म्हणाले, "जा, वीज मागून आण."

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कुणाच्या दारात उभे राहून काही मागण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. तो बराच वेळ स्टिअरिंग धरून बसला. मग आत गेला. गिरणीवाली बाई पिठाने पांढरी झाली होती. तिने त्याचे चाचरणे पुरते ऐकूनही घेतले नाही.

"लावा की वो! त्यात इचारायचं काय? आनि त्या आजोबांस्नी उन्हात का बसवलंय? आत आना."

डिकीत घरच्या प्लगला लावायची केबल होती. ती पिशवीतून आजवर बाहेरच निघाली नव्हती. शिष्याने ती जोडली. बाईने बाजेवर सतरंजी टाकली, चहा ठेवला आणि ती पुन्हा दळणाकडे वळली.

गुरुजी म्हणाले, "बाळ, तुझा बेत चांगलाच होता. पण वाटेत कुणापुढे हात पसरावा लागू नये, ही अट तू त्यात घातलीस आणि तिलाच आईची काळजी म्हणालास. बिदरच्या वाटेवर अशी कितीतरी घरे आहेत. प्रवास लांबला असता, आई दमली असती, कुणाच्या तरी घरी घटकाभर आडवी झाली असती. पण बहिणीचा हात तिच्या हातात आला असता. आजारी माणसाला आपल्या तयारीसाठी थांबता येत नाही."

शिष्याला हुंदका आवरला नाही. बाईने काही न विचारता गिरणी बंद केली आणि पाण्याचा तांब्या आणून त्याच्याजवळ ठेवला.

संध्याकाळी घरी येऊन तो आईच्या पायाशी बसला. "आई, मी उशीर केला."

आई म्हणाली, "मला एसटीनंसुद्धा चाललं असतं रे. पण तू रोज एवढ्या हौसेनं नकाशा दाखवायचास. तुझं मन कसं मोडू?"

आणि बहीण गेल्यापासून पहिल्यांदाच ती रडली. या वेळी शिष्याने समजूत घातली नाही, तो फक्त जवळ बसून राहिला.

आपण ज्यांच्यासाठी बेत आखतो त्यांना, कधी निघायचे आहे, एवढे तरी विचारावे.