निखसीन म्हणजे मालमत्ता

"मग ही पेटी कुणाची, ते एकदा सांगून टाका ना, बाबा."

मनाशे किहीमकरनं हसाजीबाबांना हे विचारलं तेव्हा सकाळची प्रार्थना नुकतीच संपली होती.

खाडीकाठच्या त्या गावात बेने इस्राएलांची चार-पाच घरं उरली आहेत. त्यांच्या प्रार्थनालयाला गावात सगळे मशीदच म्हणतात. त्या दिवशी महिन्याची पहिली तारीख त्यांच्या पंचांगाप्रमाणे, म्हणून शेजारच्या गावांतूनही माणसं आली होती. एरवी प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवताना नाकी नऊ येतात.

आणि पेटी एकच. चांदीनं मढवलेली, उभी, लाकडी. आत सेफर, म्हणजे धर्मशास्त्राची हातानं लिहिलेली गुंडाळी. ती गेली तर गावाला वाचायला काही राहणार नव्हतं.

मनाशेला ती पुण्याच्या नव्या घरी न्यायची होती. दिवाणखान्यात काचेचं कपाटही करून ठेवलं होतं त्यानं. पेटीवर आजोबांचं, शमुवेल किहीमकरांचं, नाव कोरलेलं, आजोबांचा वारस हा एकटा. झालं तर मग.

हसाजीबाबा प्रार्थना चालवत आणि शिकवतही. मनाशेला इब्री आणि अरामी या शास्त्राच्या जुन्या भाषा त्यांनीच शिकवल्या. पोरगा हुशार खरा, पण अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणारा. त्यानं लगोलग शास्त्रातला पुरावाही काढला. शास्त्रातल्या अरामी पानांत मालमत्तेला निखसीन म्हणतात, राजासुद्धा फर्मानात हा शब्द घालतो, म्हणजे ज्याचं त्याचं असतं हे शास्त्रालाही मान्य आहे, असं त्यानं चार माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

बाबांना गंमत वाटली असावी. शब्द कुठं कुठं येतो, ते त्यांनी विचारलं.

एकदा राजा हुकूम करतो की यरुशलेमच्या मंदिराच्या बांधकामाचा खर्च माझ्या निखसीनमधून द्या. आणि पुढं एकदा, कायदा मोडणाऱ्याची निखसीन काढून घ्या म्हणून. मनाशेनं दोन्ही ओळी न अडखळता म्हणून दाखवल्या.

"छान. आणि कुणी जवळ ठेवल्याचं कुठं आहे?"

मनाशेनं मनात पानं उलटली...

"तसं... त्या पानांत नाही."

"बरं. घे ती पेटी."

मनाशेला खरं वाटेना. एवढ्यावर सुटेल असं त्याला वाटलं नव्हतं. बाबांनी प्रार्थनालयाच्या कपाटातून पेटी काढून त्याच्या हातांत दिली. जड होती. दोन्ही हातांनी कवटाळून, खांद्याला टेकवून धरावी लागली. मागच्या बाकांवर कुणाला रडू आलं असेल तर ते दिसलं नाही, पण तिथं पाहुणा म्हणून बसलेल्या मला ते दृश्य आवडलं नाही एवढं खरं.

प्रार्थना संपली की हातबोशी होते. समोरच्याच्या तळव्यांत आपले तळवे द्यायचे, मग आपली बोटं ओठांना लावायची, आणि पुढच्याकडे वळायचं. असं सगळ्यांचं सगळ्यांशी. त्या दिवशीही ती सुरू झाली. फिरत फिरत दाऊदबाबा मनाशेपुढं आले. नव्वदीचा म्हातारा, दोन्ही डोळे गेलेले. त्यांनी हात पुढं केले आणि थांबले.

पुढं केलेले हात घेतल्याशिवाय मागं जात नाहीत, ही रीत. आणि मनाशेचे हात भरलेले. आली का पंचाईत.

"हसाजीबाबा, जरा धरता का?"

हसाजीबाबांनी हात पाठीमागं घेतले.

"दुसऱ्याची मालमत्ता मी कशी धरू?"

मनाशेनं शेजाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनीही हात मागं घेतले. दाऊदबाबांचे हात तसेच पुढं.

पेटी जमिनीवर तर ठेवता येत नाही. मनाशे वळला, ती कपाटात जागच्या जागी उभी केली, आणि आला. म्हाताऱ्याच्या तळव्यांत त्यानं तळवे दिले.

दाऊदबाबांनी ते लगेच सोडले नाहीत. अंगठ्यानं चाचपून पाहिले.

"किहीमकरांचा ना रे तू? शमुवेलचेच हात. पेटी इथं आणून दिली त्या दिवशी असेच गार पडले होते."

मग त्यांनी बोटं ओठांना लावली आणि पुढं गेले. मनाशे मात्र कितीतरी वेळ हातांकडे बघत राहिला. त्याला बरं वाटत होतं, आणि का ते कळत नव्हतं. शेवटी तोच हसाजीबाबांपाशी आला.

"बाबा... पेटी राहू दे इथंच. आजोबांनी दिलेली आहे, त्यांचीच ती."

"त्यांची ती त्यांनी दिली त्या दिवशी झाली," हसाजीबाबा म्हणाले. "तुझी आज झाली."